तीन कार्डांना सारखा वाटा

ते दोन हजार नऊ साल. त्या वर्षी माझ्या मुलाने घर गहाण ठेवायच्या कागदावर माझी सही मागितली, म्हणून ते साल मी विसरत नाही. घर माझ्या नावावर होतं. खाली त्याचा कारखाना, वर आम्ही राहायचो. कारखाना म्हणजे एक लांबट खोली. लोकांचे जुने सोफे, खुर्च्या उसवून नव्याने मढवून द्यायचा हा धंदा त्याच्या वडिलांनी सुरू केला होता. जिना उतरताना आधी फोमचा आणि तो चिकटवायच्या सोल्यूशनचा वास यायचा, मग शिलाई मशीनचा आवाज.

त्या वर्षी तो आवाज सारखा तुटायचा. मशीन जरा चाललं की फोन वाजायचा. मुलगा फोन घेऊन मागच्या दाराबाहेर जायचा, परत यायचा आणि मघाचीच शिवण उसवायचा. शिवणं कमी, उसवणंच जास्त. मी वर पुसलेली फळी पुन्हा पुसायचे, चहा टाकायचे आणि प्यायला विसरायचे.

झालं होतं असं. एका मोठ्या हॉटेलने सगळ्या खोल्यांच्या खुर्च्या मढवायला दिल्या. मालाचे पैसे मुलाने क्रेडिट कार्डावर भरले. खुर्च्या गेल्या, पैसे अर्धेच आले, आणि मधेच हॉटेल दुसऱ्या कोणी विकत घेतलं. नवा मालक म्हणे जुन्याकडे मागा, आणि जुना कुठे सापडेना. मग पहिलं कार्ड भरायला दुसऱ्यावरून रोख काढली, दुसऱ्यासाठी तिसरं आणलं. ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर. तिसऱ्यावर मग फ्रिजही आला आणि नातीची फीसुद्धा.

मला हे एका सोमवारी कळलं, तेही सहीची गरज पडली म्हणून.

“आई, तीन ठिकाणी हप्ते भरण्यापेक्षा एकाच ठिकाणी भरायचा,” तो म्हणाला. “कर्ज देणाऱ्या कंपनीचा माणूस शुक्रवारी येतोय. घराला काही होत नाही. नुसतं कागदावर असतं.”

“नुसतं कागदावर असतं, तर त्यांना कशाला हवंय?”

“तुला त्यातलं समजत नाही.”

“म्हणून तर विचारतेय.”

तो खाली निघून गेला. मशीन सुरू झालं, थांबलं.

सून औषधांच्या दुकानात काउंटरवर होती. संध्याकाळी ती आली तेव्हा मी तिला दारातच विचारलं, तुला हे माहीत होतं का. तिने चपलाही काढल्या नाहीत. “एका कार्डाचं माहीत होतं, आई,” ती म्हणाली. “तीन आहेत?”

पुढचे दोन दिवस घास तोंडात आणि कान जिन्याकडे. सही केली तर घर टांगणीला, नाही केली तर मुलगा. घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात. मी आढ्याकडे बघत पडायचे आणि कुशी बदलायचे.

गुरुवारी वन्सं आल्या. माझ्या यजमानांची ही धाकटी बहीण, टपाल खात्यातून रिटायर झालेली, तोंडाची फटकळ. त्यांना सुनेने बोलावलं होतं.

“वहिनी, चेहरा का असा उतरलाय? घर विकलंत की काय?”

“अजून नाही,” मी म्हटलं.

आम्ही तिघी खाली गेलो. कापड कापायच्या टेबलावरचं रेक्झिन बाजूला सारून सुनेने तिन्ही कार्डांची बिलं पसरली. मी स्टुलावर टेकले. वन्सं एका गिऱ्हाइकाच्या अर्धवट मढवलेल्या सोफ्यावर बसल्या. मुलगा उभाच.

“महिन्याला किती भरतोस?” सुनेने विचारलं.

“हातात येतील तेवढे. तिघांना सारखे वाटून.”

“सारखे?”

“मग? एकाला जास्त दिले की दुसरा बोंबलतो.”

सून बिलांवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, “या मोठ्या कार्डाला महिन्याला कमीत कमी जेवढे भरावे लागतात, तेवढेसुद्धा तुझ्या वाट्यात बसत नाहीत. म्हणजे तू दर महिन्याला पैसे भरतोस, आणि दर महिन्याला दंडही बसतो. या धाकट्याला मात्र लागतात त्याच्या तिप्पट देतोस. त्याचं व्याज सगळ्यात कमी.”

“पण भरले तर होते ना,” मुलगा म्हणाला. आवाज अगदी लहान झाला होता.

“अरे, कार्डं ती, लेकरं नव्हेत,” वन्सं म्हणाल्या. “एकाला घास जास्त गेला म्हणून दुसरं रुसणार होतं का?”

सुनेला हसू फुटलं, ते तिने ओठ दाबून आवरलं. माझ्याकडे कोणी बघितलं नाही, पण बघायला हवं होतं. तीन मुलं वाढवली मी. एक सफरचंद कापलं तरी तीन फोडी सारख्या, नाहीतर घर डोक्यावर घ्यायची. मुली लग्न होऊन लांब गेल्या. हा त्यांच्यातला मधला, सवय ह्याच्या अंगात मुरली.

“मग उद्या सही झाली की सुटलंच सगळं,” तो म्हणाला. “एकच हप्ता.”

“पंधरा वर्षं,” सून म्हणाली. “आणि कार्डं खिशात तशीच.”

“मग काय करू? सांग ना तू.”

“टेम्पो वीक.”

तो टेम्पो म्हणजे त्याचा जीव. दोन्ही बाजूंना वडिलांचं नाव रंगवून घेतलेलं.

“आणि सोफे काय डोक्यावरून नेऊ?”

“भाड्याचा आण. आठवड्यातून दोनदा लागतो, एरवी दारात ऊन खात असतो.”

वन्सं मधे पडल्या. “कमी पडतील ते मी देते. माझी ठेव मुदत संपून पडलीय. बँक देते तेवढंच व्याज दे. पण देच. फुकट मिळणार नाही, आधीच सांगते.”

“नको, आत्या. नात्यात देणंघेणं नको.”

“बरोबर आहे. परक्याकडे घर ठेवायचं, पण आत्यापुढे मान खाली जाता कामा नये.”

तो बाहेर गेला आणि टेम्पोत काचा वर करून बसला. आम्ही बिलं गोळा केली.

शुक्रवारी कंपनीचा माणूस आला. कडक इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं, मला आजी म्हणाला. कुठे कुठे सही करायची तिथे पेन्सिलीने खुणा करून आणल्या होत्या. मुलगा खिडकीशी उभा राहून बोटाला चिकटलेलं सोल्यूशन खरवडत होता. मी पेन हातात घेतलं. खरं सांगते, तोवर माझं ठरलं नव्हतं. मग पेन टेबलावर ठेवलं.

“मी सही करत नाही.”

“आई, विचार कर.”

“केला. आधी टेम्पो वीक, आत्याचे पैसे घे. त्यातूनही जे उरेल त्यासाठी घर लागलं, तर माझ्याकडे ये.”

“आजी, ही ऑफर महिनाअखेरपर्यंतच आहे,” तो माणूस म्हणाला.

“मग महिनाअखेरीला संपेल ती.”

मुलाने माझ्याशी बोलणं टाकलं. ताटावर बसायचा, मीठ हवं असलं तरी सुनेकडे मागायचा. माझं चुकलं तर, हा विचार मला बसू देत नव्हता. पुढच्या महिन्यात टेम्पो गेला. घेणारा गाडी चालू करत होता तेव्हा हा मागे खिळ्यांचे डबे लावत बसला, बाहेर आला नाही. टेम्पोच्या आणि आत्याच्या पैशांनी मोठं कार्ड बंद झालं. मग रोख काढलेलं दुसरं. सर्वांत शेवटी ते धाकटं, त्याला तोवर कमीत कमी तेवढंच. तिन्ही कार्डं सुनेने रेक्झिनच्या कात्रीने कापली. फोन एकदम थांबले नाहीत, विरळ होत गेले.

वन्संचा हप्ता मुलगा व्याजासकट दर महिन्याला हातात नेऊन द्यायचा, कारण त्यांची तशी अट होती. तासभर बसवून त्याला चार शब्द सुनावायच्या. शेवटचे काही हप्ते राहिले आणि त्या गेल्या. राहिलेले पैसे त्याने त्यांच्या मुलीला नेऊन दिले. तिला या कर्जाचा पत्ताच नव्हता, पण नको नको म्हणाली नाही. आईचीच लेक.

कंपनीचा माणूस आता विमे विकतो, एकदा कारखान्यात येऊन गेला. सुनेने औषधांच्या दुकानात भागी घेतली. नात नोकरीला लागली, परगावी असते, फोनवर बापाला हिशेब विचारते आणि तोही देतो. मुलाचे हात आता थरथरतात. शिवायला दोन कारागीर आहेत, तो नुसतं कापड निवडून देतो. टेम्पो पुन्हा घेतला नाही.

घर अजून माझ्याच नावावर आहे. ते त्याच्या नावावर कर असं तो म्हणत नाही, आणि मीही अजून केलेलं नाही.