सरूबाईच्या माळेतली गिन्नी

मी थापा मारतो हे मांडवगण फराट्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. एसटीवर ड्रायव्हर असताना भीमेच्या पुरातून मी गाडी पोहवत नेली आणि दोन मरळ मासे न्हावऱ्यापर्यंत विनातिकीट आले, हे मी आजही सांगतो. पण ही गोष्ट खरी धरा. हिच्यात नाचक्की माझी आहे, आणि स्वतःच्या नाचक्कीची थाप मारण्याइतका मी अजून म्हातारा झालेलो नाही.

कोंडिबा माझा लहानपणापासूनचा दोस्त. त्याचा ऊस माझ्यापेक्षा उंच वाढला, मला काही वाटलं नाही. तो सोसायटीचा चेअरमन झाला, त्या दिवशीही मी पोटभर जेवलो. मला जाळलं ते त्याच्या बायकोच्या गळ्यातल्या माळेनं. सरूबाईला ती सासूकडून आलेली. बारा गिन्न्या, इंग्रजी सोन्याच्या, वर राणीचं तोंड. प्रत्येकीला डाख देऊन कडी बसवलेली आणि रेशमी गोफात ओवलेली. सरूबाई चालली की माळ वाजायची. तो आवाज मला दोन गल्ल्या पलीकडून ऐकू यायचा. बायकोची हाक शेजारच्या खोलीतून यायची नाही.

त्यात सरूबाईच्या सासूनं एक रीत घालून ठेवलेली. गावात लग्न कुणाचंही असो, अक्षता असोत की निकाह, माळ दिवसभर नवरीच्या गळ्यात घालायची आणि दिवस मावळायच्या आत मूठभर साखरेबरोबर परत करायची. म्हणजे दर लग्नात मला ती बघणं आलं. मखमली टोपी घालून मी पुढच्या रांगेत बसायचो आणि मनात मोजायचो. एक, दोन, तीन. बाराव्या गिन्नीला तोंडातली बुंदी कडू व्हायची. कोंडिबा शेजारी बसून म्हणायचा, "आमचं काय हाय त्यात, इमाम. गावाचीच हाय माळ." असं बोलणारा माणूस फार वाईट. त्यानं फुशारकी मारली असती तर निदान भांडता आलं असतं.

सत्त्याऐंशी साली माझ्या बुशराचा निकाह ठरला. आता माळ माझ्या घरात येणार होती. आदल्या आठवड्यात मी दौंडला रेल्वे फाटकाजवळच्या एका म्हाताऱ्या सोनाराकडं गेलो आणि पितळेची, वरून सोन्याचं पाणी दिलेली एक गिन्नी मागितली. त्यानं काही विचारलं नाही. साचा तयारच होता त्याच्याकडं. चाळीस रुपये घेतले आणि हसला. त्या हसण्याचा अर्थ कळायला मला अडतीस वर्षं लागली.

निकाहच्या दिवशी सकाळचा नाष्टा उरकला. माळ आदल्या रात्रीच घरी आलेली, डब्यात; पाहुणे अंगणात. गोफाच्या फासाजवळची गिन्नी सोडवायला सगळ्यात सोपी. ती मी काढली आणि माझी ओवली. विकायचं कधी मनातही आलं नाही. कोंडिबाच्या बारातली एक आता माझी, एवढ्यावर मी सुखी होतो. ती मी बंद पडलेल्या रेडिओत, सेलच्या खणात ठेवली. मदिनाला, म्हणजे माझ्या बायकोलासुद्धा पत्ता लागू दिला नाही. अधूनमधून खण उघडून बघायचो. त्या दिवशी कोंडिबाशी मी फार मायेनं बोलायचो.

आता सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेलं आणि सरूबाईनं मनावर घेतलं, आपल्या डोळ्यांदेखत माळेची वाटणी करायची. नातू सत्यजीतला सहा गिन्न्या, नात वैष्णवीला सहा. त्याआधी किंमत काढायला हवी. तिनं मला बोलावणं धाडलं.

"इमामभाऊ, दौंड तुमच्या पायाखालचं. ह्यांचं गुडघं धरल्यात. तुम्ही चला संगं."

नाही म्हटलं तर संशय, हो म्हटलं तर फास. मी टोपी घातली आणि निघालो.

दौंडचा सराफ तरणा होता. डोळ्याला भिंग लावून त्यानं माळ उलटीसुलटी केली. "आजी, कडी बसवली की नाण्याचा म्हणून भाव मिळत न्हाई. हौशी लोकं घेत न्हाईत. सोन्याचाच भाव धरायचा. कडाबी झिजल्यात, ते वजनात जाणार."

"जाऊ द्या," सरूबाई म्हणाली. "सोनं किती ते सांगा."

त्यानं नेमकी फासाजवळची गिन्नी धरली. माझी. कसोटीच्या दगडावर घासली, रेघेवर तेजाबाचा थेंब सोडला. रेघ हिरवी झाली आणि उडून गेली.

"पितळ हाय. आन् हे बघा, साल एकोणीसशे बारा. राणी वारली एकोणीसशे एकला. मेल्यावर अकरा वर्षांनी नाण्यावर येऊन बसलीय ही बाई."

मी पंख्याकडं बघत म्हणालो, "इंग्रज फसवायचेच लोकांना."

त्यानं दुसरी घासली. पितळ. तिसरी, तांब्यावर मुलामा. चौथीला माझ्या जिवात जीव आला. सातवीला मला राग यायला लागला. बारातली एकच खरी निघाली, मधली, जिची कडी गोफात रुतून बसलेली. बाकी अकरा खोट्या.

खरं तर मी आनंदानं उड्या मारायला हव्या होत्या. पण पोटात जुना जाळ पेटला. इतकी वर्षं वाटत होतं, गावात एवढी छाती माझी एकट्याची. आणि हे बाकीचे दहा कोण? त्यातल्या एकानं तर काय सुरेख नक्कल करून घेतली होती, राणीच्या नाकाचा शेंडासुद्धा जागच्या जागी. तशी मला का नाही सुचली?

सरूबाईनं शांतपणे माळ पिशवीत टाकली. "दर लग्नातनं परत आली की जरा हलकी लागायची. मला वाटायचं माझीच मान बळकट व्हतीय." एसटीत बसल्यावर म्हणाली, "इमामभाऊ, गावात कुणाला बोलू नका."

मी फक्त शेजारच्या मारुतरावाला सांगितलं. मारुतरावानं फक्त विठाबाईला. दिवेलागणीला गाव एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसलं होतं. आणि माझ्या मनात एक किडा शिरला. अकरा चोर झाले, तर माझ्याआधी त्या जागेवर कुणी हात मारला नसेल कशावरून? माझी गिन्नी खरी ना?

तिसऱ्या दिवशी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप आला. शिरूरच्या पेठेत एका नव्या दुकानात बाजाराच्या दिवशी जुनी नाणी फुकट तपासून मिळतील, नावगाव विचारणार नाहीत. निरोप सत्यजीतनं टाकला होता. तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण जळणाऱ्या माणसाला धूर दिसत नाही.

बाजाराच्या दिवशी मदिना म्हणाली, "मी शिक्रापूरला बुशराकडं जाऊन येते." ती गेल्याबरोबर मी रेडिओ उघडला.

शिरूरच्या त्या दुकानाबाहेर बाकड्यावर आमचं निम्मं गाव. मारुतराव मूठ आवळून बसलेला. "जावयाची अंगठी ढिली झालीया," मला बघून म्हणाला. विठाबाईनं पदराला गाठ मारलेली. गावातल्या प्रत्येक लग्नात वाजवणारा अनिस बँडवालाही होता, त्याची मूठ कोटाच्या खिशात. कुणी कुणाला गिन्नी दाखवीना, पण सगळ्यांची नजर दुसऱ्याच्या मुठीवर. एकेकाला आत बोलावत. आत गेलेला माणूस मूठ उघडी टाकून बाहेर यायचा आणि कुणाशी न बोलता भाजीबाजाराकडं चालू लागायचा. मला वाटलं, यांच्या खोट्या निघाल्या. म्हटलं, बरं झालं.

सगळ्यात शेवटी माझा नंबर लागला. आत गादीवर सरूबाई बसली होती. पुढं परातीत गिन्न्या. आणि तिच्या शेजारी बशीतनं चहा पीत मदिना.

"या, इमामभाऊ," सरूबाई म्हणाली. "बारावं तुम्ही. लग्नाच्या गडबडीत सुटून पडली असंल, व्हय ना? सगळ्यांचीच तशी सुटून पडली. बिचाऱ्यांनी जपून ठिवली."

मी मदिनाकडं बघितलं. मदिना बशीत बघत होती.

"पर पेच पडलाय," सरूबाई पुढं म्हणाली. "खोट्या निघाल्या अकरा. खऱ्या अकरा तुमच्याआधीच आल्या, मशीनवर तपासल्या. माझी एक धरून बारा पुऱ्या झाल्या. मग तुम्ही काय घिऊन आलाय?"

माझी मूठ उघडेना. त्या दुकानातल्या सराफानं हलक्या हातानं उघडली, गिन्नी मशीनखाली धरली, मग भिंगाखाली. "पितळ. एकोणीसशे बारा."

सरूबाईनं पिशवीतून दौंडला खोटी ठरलेली फासाजवळची गिन्नी काढून तिच्या शेजारी ठेवली. दोन्ही बारा सालच्या, दोन्हीवर तीच मेलेली राणी. एकाच साच्यातल्या जुळ्या बहिणी.

"तुम्ही आणलेली ही माझी," मदिना म्हणाली. "दौंडच्या फाटकाजवळचा म्हातारा सोनार. बुशराच्या निकाहला फजरच्या आधी बदलली मी. तीस रुपयं घेतलं त्यानं."

मी चाळीस दिले होते.

म्हणजे पहाटे बायकोनं सोनं काढून पितळ ओवलं, आणि नाष्ट्यानंतर मी ते पितळ काढून पितळ ओवलं. गावातल्या बारा चोरांत चोरी न जमलेला मी एकटा. मारुतरावानं सोनं चोरलं, विठाबाईनं चोरलं, त्या अनिसनं ढोल बडवत बडवत चोरलं. मी अडतीस वर्षं रेडिओत पितळ राखलं.

सरूबाईनं दोन्ही पितळी गिन्न्या माझ्या हातावर ठेवल्या. "ह्या तुमच्या. पैसं दिल्यात तुम्ही."

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसलो. न्हावरं मागं पडलं.

"तू का काढलीस?" मी शेवटी विचारलं.

"तुम्ही एरवी सरूच्या गळ्याकडं बघायचा, आन् लग्नात माळ नवरीच्या गळ्यात गेली की त्या गळ्याकडं. माझ्या गळ्याकडं कवा बघितलं? मला वाटलं, एक तरी काढून बघावी, काय हाय एवढं तिच्यात."

"आणि मग? काय होतं?"

"काय न्हाई. गोल हुती."

"ठेवली कुठं होतीस इतकी वर्षं? घरातला एक डबा मी सोडला नसेल."

"तुमच्या मखमली टोपीच्या अस्तरात. धुवायची वस्तू न्हाई ती. रात्रीच उसवून काढली."

मी टोपी काढून मांडीवर घेतली. अस्तराची एक बाजू ताज्या दोऱ्यानं शिवलेली होती, आणि पुठ्ठ्यावर गिन्नीएवढा गोल खळगा पडला होता. अडतीस वर्षं, गावातल्या एकूण एक लग्नात, पुढच्या रांगेत बसून मी सरूबाईच्या गिन्न्या मोजत आलो होतो, तेव्हा ती माझ्या डोक्यावर होती.

चैत्रात वैष्णवीचं लग्न आहे. कोंडिबा काल पत्रिका घेऊन आला. म्हणाला, "वाटणी ऱ्हायली, माळ पुन्यांदा ओवलीय इमाम, बाराच्या बारा. पुढं यिऊन बस." मी हो म्हणालो. मदिनानं विचारलं, टोपी कुठली घालणार. मी म्हटलं, बोडक्यानंच जाईन.