चार दिवसांचं पथ्य

शुगर तपासायची तारीख ठरली की बाळ दातार बरोबर चार दिवस आधी पथ्याला लागायचे. भात बंद, चहा बिनसाखरेचा, रोज मानपाड्यापर्यंत चालणं. रिपोर्ट झकास यायचा आणि त्याच संध्याकाळी श्रीखंडाचा डबा उघडायचा. सुमतीबाई चिडायच्या, पण वाटी त्याच भरून द्यायच्या.

हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा दातार म्हणाले, "ब्रश टोचतोय," आणि दात घासणंच सोडलं. पुढे दाढ हलायला लागली. दातांच्या डॉक्टरांनी शुगर विचारली, तर दातारांनी ऐटीत तोच रिपोर्ट पुढे केला. सुमतीबाई शेजारीच बसल्या होत्या.

दाढ काढली, पण जखम भरेना. पू झाला, आठवड्याभरात सूज गळ्यापर्यंत उतरली.

आता कल्याणच्या हॉस्पिटलात त्यांचं तोंड जेमतेम चमचा जाईल एवढंच उघडत होतं. सुमतीबाई पेज भरवत होत्या. नर्स सांगून गेली, "काका, उद्या सकाळी शुगर बघायचीय."

दातारांनी वाटी हळूच बाजूला सारली आणि बायकोकडे बघून एक डोळा मिचकावला.

सवयीने सुमतीबाईंनी वाटीवर झाकण ठेवलं.