वरचा रकाना

कंधारच्या बसस्टँडमागे मल्लिकार्जुनचं ऑनलाईन फॉर्मचं दुकान आहे. पीकविमा, दाखले, निकाल, काय वाट्टेल ते तिथं निघतं, म्हणून सगळं गाव त्याला मल्लूभाऊ कॉम्प्युटरवाले म्हणतं. या एका शब्दावर गडी कित्येक वर्षं फुगून होता. आता घरातलीच बायको त्या शब्दात वाटेकरी व्हायला निघाल्यावर त्याच्या पोटात दुखायला लागलं.

रेणुकानं नांदेडला जाऊन-येऊन प्रोग्रामिंगचा कोर्स केला. सुरुवातीला कौतुक मल्लूलाच. पण महिन्याभरात ती असं काहीबाही विचारू लागली, की त्याला उत्तर येईना. बायकोसमोर 'येत नाही' कसं म्हणायचं? मग तो म्हणायचा, "तुला आत्ताच कशाला पायजे ते?"

कोर्समधली तिची मैत्रीण कहकशां लातूरच्या एका कंपनीत लागली. क्लासच्या पोरांच्या चाचण्यांचे निकाल तयार करायचे, तेही घरी बसून. तिनं साहेबांना रेणुकाचं नाव सुचवलं. शनिवारी दुपारी व्हिडिओवर परीक्षा ठरली. कंपनीनं पाठवलेला प्रोग्राम आपल्या कॉम्प्युटरवर चालवून दाखवायचा. चालला तर नोकरी, नाही तर पुढचा उमेदवार.

घरी कॉम्प्युटर एकच. त्यावर मल्लूचं खातं ॲडमिनचं आणि रेणुकाचं साधं. काहीही नवं बसवायचं तर मल्लूचा पासवर्ड लागायचा आणि तो त्यानं तिला कधी सांगितला नव्हता. "अहो, जरा टाका ना," असं तिनं म्हणावं, यानं चहा संपेपर्यंत तिला ताटकळत ठेवावं आणि मग एका हातानं कीबोर्ड झाकून पासवर्ड मारावा. एवढं सुख त्याला दुकानातही मिळत नसे.

शुक्रवारी रेणुकानं आपलं खातं उघडलं आणि त्याला हाक मारली. "अहो, ह्या प्रोग्रामला फाइलींचं फोल्डर कुठं हाय ते आधी सांगून ठेवावं लागतंय. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतेत त्याला."

"म्हाईत हाय मला," मल्लू म्हणाला. त्याला ठाऊक नव्हतं. पण नव्या सुनेला मिठाचा डबा कुठं ते दाखवावं, तसलाच प्रकार असणार हे त्यानं ताडलं. सेटिंग उघडताना पासवर्ड मागितला गेला, तो त्यानं हातानं झाकून मारला. समोर दोन रकाने आले. वरचा एकट्याचा, खालचा सगळ्या खात्यांचा.

"खालच्यात लिहा की. ते सगळ्यांना चालतंय म्हणे."

"खाली हात लावायचा न्हाई! तिथं माझ्या दुकानाचं सगळं हाय. तुझा पसारा वरच्यात." आणि त्यानं वरच्या रकान्यात लिहून टाकलं.

प्रोग्राम म्हणाला, फोल्डर सापडत नाही. मल्लूनं पुन्हा लिहिलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. फोल्डर सापडत नाही.

"प्रोग्रामच भंगार दिलाय त्यांनी," मल्लू म्हणाला. खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं. त्या दिवशी तो पोटभर जेवला. रेणुका नुसतं ताट चिवडत बसली.

शनिवारी सकाळी तिनं कहकशांला फोन लावला. मल्लू कप घेऊन मागंच उभा.

"भाऊंनी पासवर्ड टाकला का?" कहकशांनं विचारलं. "मग ते भाऊंच्याच खात्यात गेलं ना! ज्याचा पासवर्ड, त्याचा वरचा रकाना. तू शोधून बघ, 'आपल्या खात्यासाठी' म्हणून दुसरं सेटिंग येतंय. ते कुणाला विचारत नै. अपने खाते कू किसका पासवर्ड नै लगता, अम्मा!"

रेणुकानं ते शोधलं, लिहिलं, प्रोग्राम सुरू केला. चालला. पासवर्ड कुणी मागितला नाही. मल्लूच्या हातातला चहा तसाच निवून गेला.

ती स्वयंपाकाला गेल्यावर त्यानं आपलं खातं उघडून बघितलं. वरच्या रकान्यावर ठसठशीत त्याचंच नाव आणि त्याच रकान्यात रेणुकाच्या फोल्डरचा पत्ता आरामात बसलेला. लोकांच्या फॉर्मवरचं नाव दोनदा तपासणारा हा माणूस. आपलं नाव दिसल्यावर त्याला सगळं बरोबरच वाटलं होतं. तिचं ऐकून खालच्यात लिहिलं असतं तरी कालच काम झालं असतं. तो मनातून जळत राहिला. तिला एवढं येतंच कसं, आणि मला विचारल्याशिवाय? ॲडमिन तोच होता. तिच्या खात्यातलं फोल्डरही एका बोटात उडवता आलं असतं, आणि बोट तिथपर्यंत गेलंही.

"अहो, झालं का तुमचं?" आतून आवाज आला. "येळ होत आला माझा."

त्यानं बोट काढून घेतलं.

परीक्षेत प्रोग्राम सुरळीत चालला. लातूरचे साहेब खूश झाले. "मशीन छान लावून ठेवलंय. कुणी केलं हे?"

रेणुकानं दारात उभ्या मल्लूकडे बघितलं. "आमचे हे बघतात सगळं. त्यांचं दुकानच हाय."

हेच तर त्याला हवं होतं. पण तिनं ते असं ताटात वाढून दिल्यावर त्याच्या घशाखाली उतरेना. ती चिडली असती तर भांडता आलं असतं.

"ओ साहेब, म्या न्हाई!" तो दारातूनच ओरडला. "म्या चुकीच्या खात्यात लिवलं होतं. तिनंच केलं!"

साहेब हसले. "मग त्यांनाच घेतो."

खरं बोललं की जळजळ थांबते म्हणतात. मल्लूची काही थांबली नाही. सोमवारी रेणुका कामाला बसली तेव्हा दुकान उघडायची वेळ टळून गेली, तरी तो कप घेऊन तिच्या मागं उभा होता, ती एकदा तरी पासवर्ड मागेल म्हणून.