मिटल्या तोंडाचा मासा

वेंगुर्ल्याच्या खाडीवर कार्तिकातलं ऊन उतरत होतं. पाण्यावर तांबूस, माडांवर पिवळं, आणि मोरेश्वर आरोलकरांच्या टेबलावर, एका निळ्या पाकिटावर, राखेसारखं मऊ. त्या पाकिटातल्या पत्राला त्यांनी अजून उत्तर दिलं नव्हतं.

पत्र लेकीचं, ऋजुताचं, पुण्याहून आलेलं. फोनवर बापलेक हवापाण्याचं बोलत. जे जिभेवर येईना ते तिने कागदावर ठेवलं होतं. ‘बाबा, पहिलं बाळंतपण माहेरी असतं. आई असती तर विचारलंही नसतं. मी येऊ का? तुम्हाला जमेल का?’

जमेल का? उभं आयुष्य वाचनालयातल्या पुस्तकांची धूळ झटकण्यात गेलेलं. बायकोमागे अंगणातली तुळससुद्धा त्यांच्या हाती तगली नव्हती. त्या हातांत बाळंतीण? त्या हातांत तान्हं? मोरेश्वरांचा साऱ्या जगावर संशय होता. पण सर्वांत गडद, सर्वांत जुना संशय स्वतःच्या हातांवर.

कोपऱ्यात ऋजुताच्या कॉलेजच्या दिवसांतली मासे पाळायची काचपेटी होती, कोरडी, धूळभरली. त्यांनी मनाशी ठरवलं: समुद्रातल्या माशाचं एक पिल्लू या घरात जन्मू दे, तगू दे. मग लिहीन.

बस्त्याव फर्नांडिसच्या शोभेच्या माशांच्या दुकानात निळा उजेड होता, आणि त्या उजेडात तरंगणारी रत्नं. केशरी अंगावर पांढरे पट्टे ल्यालेला जोकरमासा त्यांनी पाहिला. पण त्याची पिल्लं धूलिकणांएवढी, डोळ्यांना न दिसणारी. जे दिसत नाही त्यावर विश्वास कसा ठेवावा? नीलमण्यासारखा निळा मासा पाहिला. तो शेजाऱ्याचे पर कुरतडत होता. शेवटी चांदीच्या अंगावर काजळाचे पट्टे ओढलेले दोन कार्डिनल मासे दिसले. शांत. जणू वाचत बसलेले.

“ह्येंची पिल्लां मोठी, जन्मतानाच आवशी-बापाशीसारखी दिसतत,” बस्त्याव म्हणाला. “पयल्यांदा करूक हीच बरी.”

“पण नर-मादीच आहेत कशावरून?”

“काकानू, तुमी मासो घेतास का लगीन जमवतास? पत्रिका दाखवू?”

दुकान हसलं. मोरेश्वर हसले नाहीत. हसणारा विक्रेता त्यांना नेहमीच संशयास्पद वाटे. तरी ती जोडी त्यांनी घेतली.

घरी खारं पाणी मोजूनमापून भरलं. पिल्लांना काटेरी आसरा हवा, असं वाचनालयातल्या एका पुस्तकात होतं. म्हणून माडाच्या झावळीतल्या हिरांची जुडी बांधून पाण्यात उभी केली. पुस्तकात आणखीही एक होतं: अंडी बाप तोंडात धरतो. मग मोरेश्वरांनी पारख केली. एक मासा धीट, अंगावर येणारा, तो नर. दुसरा भित्रा, हिरांमागे दडणारा, ती मादी. भित्रा बाप कुठे असतो?

कार्तिक सरला, मार्गशीर्ष सरला. ऋजुताने पुन्हा विचारलं नाही. तो अबोल अभिमान बापाचाच. मोरेश्वर धीट माशाच्या तोंडाकडे पाहत राहिले. ते तोंड खात होतं, उघडत होतं, मिटत होतं. त्यात काही नव्हतं.

आणि पौषात भित्र्याने अन्न सोडलं.

चारा समोरून वाहत जाई, तो हलत नसे. हनुवटी सुजलेली. डोळे स्थिर. अंगावरची चांदी दिवसागणिक पातळ. मोरेश्वरांच्या मनातला संशय आता फणा काढून उभा राहिला: फसवलं. हसत हसत रोगट मासा गळ्यात बांधला. आजच तो बस्त्यावच्या पुढ्यात नेऊन ठेवीन!

सकाळच्या उन्हात त्यांनी जाळी पाण्यात सोडली. भित्रा पळाला नाही. पळायला बळच नव्हतं. फक्त धीट मासा मध्ये आला, जाळीच्या दांड्याला धडका देत राहिला. भित्रा हळूच वळला. उन्हाची तिरीप त्याच्या मुखावर पडली, ओठ कणभर विलगले, आणि आत दिसले केशरी मणी. दाटीवाटीने बसलेले, चमकणारे, जिवंत मणी.

मोरेश्वरांचा हात पाण्यातच थांबला.

भित्रा, तोच बाप होता. उपाशी, अबोल. त्याने तोंड मिटलं होतं ते भयाने नव्हे.

त्यांनी जाळी इतक्या हळू वर घेतली की पाण्याला कळलंही नाही.

मग त्या घरात पावलं हलकी झाली. खिडकीला जुनं लुगडं टांगलं, उजेड कोवळा केला. आणि माघातल्या एका पहाटे, बाहेर आंब्याला मोहर फुटत असताना, मिटलेलं तोंड उघडलं. एक काजळरेघ बाहेर आली, मग दुसरी, मग चांदीचा चुरा उधळावा तशी सारी पिल्लं, हिरांच्या काट्यांत शिरून थरथरत राहिली.

किती तगतील? बापाला ठाऊक नव्हतं. त्याने फक्त ती सोडली, आणि पहिल्यांदा घास घेतला.

मोरेश्वर पिल्लं तगण्याची वाट पाहत बसले नाहीत. टेबलाशी जाऊन त्यांनी लिहिलं: ‘ऋजू, ये. जमेल की नाही, अजूनही ठाऊक नाही. पण मी आहे.’

टपालपेटी खाडीच्या वळणावर, तांबड्या रंगाची, उन्हात तापलेली. तिच्या तोंडाशी हात थांबला. जुना संशय एकवार बोटांना घट्ट बिलगला.

खाडीवर भरती येत होती. बोटं विलगली. आणि तांबड्या मुखाच्या काळोखात ते पांढरं पाकीट अलगद उतरत गेलं.