एनेइदा पुन्हा खुर्चीवर चढते

पिनार देल रिओ शहरातल्या सिगार कारखान्यात एनेइदा बायादारेस सव्वीस वर्षं वाचिका होती. दीडशे माणसं मान खाली घालून तंबाखूची पानं वळायची आणि ही समोरच्या उंच खुर्चीवरून सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी वाचायची. मुलगा समुद्रापार निघून गेला त्या वर्षी तिची झोप उडाली आणि डायझेपाम ही झोपेची गोळी सुरू झाली. एकीच्या हळूहळू तीन गोळ्या झाल्या. बारा वर्षांनी एका दुपारी वाचता वाचता गोळ्यांनी जीभ जड झाली, एकच ओळ तिनं तीनदा वाचली. खाली कुणीतरी फिसकन हसलं. दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकानं तिला विश्रांतीच्या नावाखाली घरी बसवलं.

संतापून तिनं सगळ्या गोळ्या मोरीत ओतल्या. चौथ्या दिवशी चुलीपुढे फिट येऊन पडली. नवऱ्यानं, एवेलियोनं, शेजाऱ्याच्या गाडीतून दवाखान्यात नेलं म्हणून वाचली.

गल्लीची डॉक्टरीण युसिमी घरी आली ती तणतणतच.

"मावशी, बारा वर्षं चढलात आणि एका उडीत खाली यायला निघालात?"

"मग जन्मभर खाऊ का तुझ्या गोळ्या?"

"सोडायच्याच आहेत. पण आधी होत्या तेवढ्या पुन्हा घ्यायच्या, मग दर तीन आठवड्यांनी कणभर कमी. त्रास झाला तर थांबू, पण मागे फिरायचं नाही."

"किती दिवस?"

"वर्ष. दीडही लागेल."

"तोवर मी मरेन की गं!"

"मरायचं नाही. तेवढं एक पथ्य पाळा."

एवेलियो घड्याळजी. तो डोळ्याला भिंग लावून पात्यानं गोळीचे तुकडे पाडायचा.

पाचवा महिना भयंकर गेला. घामानं उशी भिजायची, अंगावर मुंग्या चालायच्या, कपबशी वाजली तरी छातीत धस्स व्हायचं.

"एवेलियो, एक अख्खी दे. एकच."

"मारलंस तरी देणार नाही," तो म्हणाला, आणि तिच्याबरोबर तोही रडला.

युसिमीनं महिनाभर मात्रा तशीच ठेवली. "वाचा ना काहीतरी," ती म्हणाली, "मोठ्यानं."

एनेइदा ओसरीवर बसली. पहिल्या दिवशी कादंबरीच्या चारच ओळी झाल्या, त्याही थरथरत. कुंपणापलीकडे युकाचे कंद सोलणारी शेजारीण ओफेलिया ओरडली, "अगं, जोरात वाच! नायिकेचं काय झालं ते अर्धंच कळलं!"

दुसऱ्या दिवशी ती स्टूल घेऊनच आली. दहाव्या महिन्यात ओसरीवर सात बायका घेवडा निवडत बसू लागल्या.

सोळाव्या महिन्यात एवेलियोनं तळहातावर भुकटीसारखा शेवटचा कण धरला. "घेतेस?"

तपासायला आलेली युसिमी 'आता नको' अशी मान हलवून हसली. एनेइदानं फुंकर मारून तो उडवला.

पुढे दोन महिने ती गोळीवाचून नीट झोपली, तेव्हा युसिमीनं कामाला हरकत नसल्याची चिठ्ठी दिली आणि एनेइदा कारखान्यात हजर झाली. तासभर वाचलं. एक शब्द अडखळला नाही. प्रकरण संपलं, तिनं पुस्तक मिटलं.

मग पहिल्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं पानं कापायची सुरी फळीवर आपटली. ठक. कारखान्यातली शाबासकी हीच. दुसऱ्यानं आपटली. बघता बघता दीडशे सुऱ्या दणदणू लागल्या. व्यवस्थापक धावत बाहेर आला आणि दारातच टाळ्या वाजवत उभा राहिला.

"आणखी वाच!" कुणीतरी ओरडलं.

"आधी हात चालवा, आळशांनो!" एनेइदा डोळे पुसत गरजली आणि तिनं पुस्तक पुन्हा उघडलं.