कडू वेल

“अगं, सांग की! कडू आहे का?”

जिभेवालीनं हात वर करून मला गप्प केलं. काकडीचा देठाकडचा तुकडा ती जिभेवर घोळवत होती. मग थुंकून म्हणाली, “गोड. मेली हीसुद्धा गोडच.”

संशोधन केंद्राच्या या काकडीच्या मळ्यात आम्ही दोघींनी उभा जन्म काढला. ती चाखायची, म्हणून तिचं नावच जिभेवाली; मी उपटायची. तिचं तोंड वाकडं झालं की वेल कडू; मी तो मुळासकट उपटून बांधावर फेकायची. लोकांना गोड काकडी हवी, म्हणून बी फक्त गोड वेलाचंच धरायचं. काय हसायचो तेव्हा! दिवसभर कडू चाखून संध्याकाळी बाईला मीठसुद्धा कळायचं नाही. भाजी शिजली की नवरा चाखून सांगायचा, “राणीसरकार, चिमूटभर अजून.” तो गेल्यापासून तिच्या घरची भाजी कधी खारट, कधी अळणी. मी मुकाट्यानं खाते.

आम्ही निवृत्त झालो, तरी आज नव्या साहेबांनी आम्हाला बोलावलं, कारण मळाभर लाल कोळ्याची कीड पडली होती. पानं पिवळी पडून वाळत होती. “ही कीड कडू वेलाला फारशी शिवत नाही, मावशी,” साहेब म्हणाले. “एखादा कडू वेल मिळाला तर त्याच्याशी संकर करता येईल. पण आपल्याकडचं सगळं बी गोड. एका जुन्या बरणीच्या तळाशी निवडीआधीचं थोडं बी निघालं, ते लावलं होतं. आता फळं धरलीत. तुम्हीच चाखा.”

जिभेवालीचा चेहरा खर्रकन उतरला.

“म्हणजे आपण कडूचा निर्वंशच केला की गं.”

“वेडी का तू? सांगितलं तेच केलं आपण,” मी फटकारलं; पण माझीही नजर बांधाकडे गेली.

तेव्हापासून एकेक वेल चाखत ती पुढे सरकत होती. सगळे गोड. शेवटी एक किरकोळसा वेल राहिला, त्याला एकच फळ. तिनं डोळे मिटून देठाकडून चावा घेतला. तुकडा जिभेवर घोळवत राहिली. माझा जीव टांगणीला.

“कडू?”

“नाही गं.”

“म्हण की कडू! साहेबांना काय कळतंय?”

“साहेबांना नाही कळणार. किडीला कळेल ना!”

ती बांधावर टेकली. मीही शेजारी बसले. उरलेल्या काकडीचे दोन तुकडे करून एक तिनं माझ्या हातात दिला. इतकी गोड काकडी मी जन्मात खाल्ली नव्हती, आणि दोघींच्याही घशाखाली उतरेना.