खिडकीतली जागा

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांनी उतारवयात कुत्रा पाळायचं मनावर घेतलं, आणि आणली ती थेट वासराएवढी, राखाडी रंगाची कुत्री. एवढं धूड दोन खोल्यांच्या घराला मानवेल का, हे कळावं म्हणून कुत्रेवाल्या बाईंनी ती आठवडाभर ठेवायला दिली होती. जाताना त्या काकांना एवढंच म्हणाल्या, "कोण कोणाला जागा देतं, ते बघत राहा. मग ठरवा."

काकूंचा अख्खा जन्म त्या घरात, खिडकीतल्या मशीनवर लोकांचे पडदे शिवण्यात गेला होता. मूलबाळ नव्हतं, माहेर तर आता नीट आठवतही नव्हतं. काका मुळातच घुमे, "हं" आणि "नको" एवढ्यावर संसार चाललेला. तेच काका आता दारातूनच बोलत आत यायचे, गिऱ्हाइकाने काय कटकट केली, कुठला काटा अडकला, सगळं त्या कुत्रीला सांगायचे. काकूंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सवत आणली असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

ही भांडायला निमित्तच देत नव्हती. भुंकत नसे, काही फाडत नसे, नुसती बघत बसे. एका दुपारी काकू स्वयंपाकघरातून आल्या, तर ती मशीनपाशी, त्यांच्याच जागी बसलेली, मान त्यांच्यासारखीच जराशी डावीकडे कललेली. काकूंनीही मग हट्टाने दाराशी तिच्या सतरंजीवर अंग टाकलं, आणि वर्षानुवर्षांची पाठदुखी थांबली. संध्याकाळी पडल्यापडल्याच त्यांना काका कोपऱ्यावर वळल्याचं कळलं. घड्याळाच्या तेलाचा वास जिना चढून वर येत होता.

त्या घाबरल्या नाहीत, चिडल्या. आपल्याला कळलं ते तिला आधी कळलं असणार, हेच त्यांना सलत होतं.

"अहो, पाठवा तिला परत," त्या काकांना म्हणाल्या. "एक तर ती राहील, नाहीतर मी."

काकांनी सल्ला विचारल्यासारखं खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाले, "बाई येतीलच उद्या."

बाई पट्टा घेऊन आल्या. कुत्रीने खिडकीतून मानही वळवली नाही.

"ही मानवली घराला," काका तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले. इतका मऊ आवाज काकूंच्या वाट्याला कधी आला नव्हता.

मनात साठलेलं सगळं सुनवायचं म्हणून काकू सतरंजीवरून उठल्या. पण बाई आधीच जवळ आल्या होत्या. नव्या जनावरापुढे धरतात तशी, बोटं आत मिटून, त्यांनी आपली मूठ सावकाश काकूंच्या नाकापुढे धरली.

ती मूठ झिडकारायलाच हवी होती. पण तिला फार जुन्या ओळखीचा वास होता, आणि काकूंची मान आपोआप खाली झाली.